नवव्या प्रकरणातली ओळ

अण्णांनी जन्मभर छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले आणि म्हातारपणी आठवणी लिहायला घेतल्या त्या साध्या टेक्स्ट फायलींमध्ये. अक्षरांना नटवणाऱ्या प्रोग्रॅमांचा त्यांना भारी राग. एक प्रकरण, एक फाईल, अशी नऊ. सकाळी छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर लिहायचे, संध्याकाळी घरच्या. पेनड्राइव्हवर फायली इकडून तिकडे न्यायचे आणि निम्म्या वेळा न्यायला विसरायचे. त्यामुळे ते गेले तेव्हा मागे दोन पुस्तकं राहिली, जवळजवळ सारखी.

छापखाना आता धाकटा चालवतो. त्याने दोन्ही फोल्डर थोरल्या बहिणीपुढे टाकले. "ताई, तू त्या काळ्या खिडकीत काहीतरी टाइप करून फायली जुळवतेस ना? दोन्हींचं एक करून दे. पाचला प्लेट काढायचीय." एवढं बोलून स्वारी मशीनकडे पळाली.

थोरली यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायची. तिच्या ऑफिसातल्या एका इंजिनियरने, ज्याला सगळे चष्मा म्हणत, तिला डिफ ही कमांड शिकवली होती. शिकवली म्हणजे दोनदा करून दाखवली, आणि तेवढ्यावर ही स्वतःला पंडित समजत होती. दोन फायलींची नावं द्यायची, फरकाच्या ओळी समोर येतात. काहींच्या आधी अधिक, काहींच्या आधी वजा. तपासणी शेवटून सुरू करायची ही तिची सवय, कारण लिहिणारा शेवटीच दमून चुका करतो. तिने नववं प्रकरण घेतलं. आधी घरची फाईल, मग दुकानातली, म्हणजे छापखान्यातली.

एकच ओळ आली, अधिक चिन्ह लावून: थोरलीला छापखान्यात बसू दिलं नाही, ही माझी चूक.

वीस वर्षांपूर्वी याच खोलीत अण्णा म्हणाले होते, 'मुलींनी शिशात हात काळे करायचे नसतात.' ती त्याच आठवड्यात घर सोडून गेली. त्यानंतर बापलेकीत बोलणं झालं ते फक्त तब्येतीचं. आणि आता ही ओळ. अधिक म्हणजे नंतर घातलेली, नाही का?

खात्रीसाठी तिने कमांड पुन्हा दिली. या वेळी घाईत नावं उलटी पडली. तीच ओळ आली, पण आता आधी वजा होता.

ती चक्रावली. मघाशी घातलेली ओळ आता काढलेली कशी झाली? तिने पुन्हा घर आधी दिलं: अधिक. दुकान आधी: वजा. म्हणजे अण्णांना चूक कबूल होती की नव्हती, हे ती कुठलं नाव आधी टाइप करते त्यावर ठरणार? तिने फायलींच्या तारखा पाहिल्या. धाकट्याने कॉपी करताना असा काही गोंधळ घातला होता की अठराच्या अठरा फायलींवर परवाची तारीख होती. डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी तिने चष्म्याला फोन लावला.

"अहो, दोन फायलींवरून काढलं की घातलं ते कधीच कळत नाही," चष्मा म्हणाला. "ओळ एकीत आहे, दुसरीत नाही, एवढंच ती कमांड सांगणार. दोन्ही जिच्यातून निघाल्या ती जुनी कॉपी हवी. आहे का?"

होती. दोन वर्षांपूर्वी अण्णांनी तिला मेलवर पाठवली होती. सोबत एक वाक्य: वेळ मिळाला की वाच, नववं आधी. तिने ती मेल कधी उघडलीच नव्हती. छापखान्याचं कौतुक वाचायची तिची तयारी नव्हती.

आता उघडली. ओळ त्यात होती.

मग प्रश्नच मिटला. दुकानातली ओळ जुनीच होती, घरी बसून ती काढली होती. तिन्ही फायली एकत्र घेणारी डिफ-थ्री तिने चालवून पाहिली. तिनेही कुठे न अडखळता जोडलेलं प्रकरण पुढे ठेवलं, आणि त्यात ती ओळ नव्हती. अण्णांनी लिहिलं, पाठवलं, उत्तराची वाट पाहिली. उत्तर आलं नाही, तेव्हा खोडलं. बरोबरच केलं त्यांनी, असं ती स्वतःला सांगायला लागली, आणि सांगता सांगता तिला रडू आलं.

साडेचार वाजले होते. उरलेली आठ प्रकरणं बघायला वेळच नव्हता, म्हणून तिने अख्खे फोल्डरच एकमेकांशी लावले. आधी जुनं, मग घरचं. चुका, विरामचिन्हं, एखादी गाळलेली तारीख. ती नुसती नजर फिरवत होती. पहिल्या प्रकरणापाशी थांबली.

'माझा जन्म' या शब्दांच्याही वर, एक नवी ओळ, अधिक चिन्ह लावून: थोरले, तुला छापखान्यात बसू दिलं नाही, माझं चुकलं.

तिने ती चारदा वाचली. नावं उलटसुलट करून पाहावीत असं एकदा मनात आलं, पण हात उचलला नाही. जुळाऱ्याचं काम ते. ओळ इथून उचलायची, तिथे बसवायची. नवव्यापर्यंत ही काही पोचत नाही हे ओळखून म्हाताऱ्याने ओळ दारात आणून ठेवली होती, आणि ही बया शेवटून वाचत बसली होती.

धाकट्याने पान लावायच्या मशीनवरून हाक मारली. "ताई, झालं का? कुठलं धरायचं?"

"घरचं."

"आण इकडे. पहिलं पान लावून टाकतो."

ती उठून त्याच्यामागे जाऊन उभी राहिली. डोळे पुसायचंही तिला सुचलं नव्हतं.

"ऊठ तिथून," ती म्हणाली. "पहिलं पान मी लावणार."