बिनशब्दांची नऊ गाणी

गिटारवाल्या लांबबोट्याचा नवा अल्बम आला त्या सकाळी टेलरताईंनी कुणाच्या तरी पँटची उंची कमी करायला घेतली होती. ती तशीच सुईखाली सोडून त्यांनी वही उघडली, पेन्सिलीला टोक काढलं, कानांत इयरफोन घातले. पहिलं गाणं संपलं. दुसरं संपलं. नववं संपलं तरी वही कोरीच.

गाणाऱ्याचा पत्ताच नव्हता. नुसती गिटार.

बावीस वर्षं ताईंचा हा उद्योग. लांबबोट्याच्या जुन्या बँडचा गायक तोंडात घास धरल्यासारखा गायचा. ताई पुन्हापुन्हा ऐकून शब्द उतरवायच्या आणि चाहत्यांना पाठवायच्या, आधी पोस्टाने, मग फोनवरच्या ग्रुपवर. शाळा सातवीत सुटलेली, पण या वह्या वाचून कुणी तसं म्हटलं नसतं. पुढे बँड मोडला. लांबबोट्या नवा गायक आणेल, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

आता ग्रुप पेटला होता.

‘‘पंचवीस वर्षं याच्यासाठी आम्ही घसे कोरडे केले, आणि हा तोंड उघडायला तयार नाही!’’ हे बस ड्रायव्हर.

‘‘मला तर आवडलं,’’ दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कळवलं. ‘‘दवाखान्यात लावलंय. इथे तोंड पेशंटनं उघडायचं असतं.’’

ताईंच्या मुलीने फोनमध्ये डोकावून म्हटलं, ‘‘आई, सुटलीस! लिहायला काही नाहीच.’’

ताई हसल्या. तेवढ्यात प्रेसकाकांचा निरोप आला. काकांनी तीस वर्षं कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेस मशीनवर काढली आणि त्या धडधडीत कान गमावले. स्पीकरवर तळहात टेकवायचा, ठेका धरायचा आणि ताईंचे शब्द वाचत जायचं, हे त्यांचं गाणं ऐकणं. दर वेळी उत्तरात एकच शब्द धाडायचे : ‘पोचलं.’ ताईंना एवढ्या वर्षांत बाकी कुणी पोच दिली नव्हती.

आज त्यांनी लिहिलं होतं, ‘ताई, या वेळी शब्दच नाहीत म्हणे. मग मी ग्रुपमध्ये राहून काय करू? सगळ्यांना माझा नमस्कार सांगा.’

‘नमस्कार कसला सांगायचा! परवापर्यंत थांबा,’ ताईंनी ठणकावलं. परवा काय देणार, ते त्यांनाच ठाऊक नव्हतं.

आधी त्यांनी ‘सुंदर, मधुर, हळवं’ असं लिहिलं. वाचलं तर निमंत्रणपत्रिकेवरचा मजकूर वाटला. खोडून टाकला. वैतागून पँट पुढे ओढली, कानांत पहिलं गाणं चालूच ठेवून हातानेच टाके घालायला लागल्या. चार बोटं शिवण झाली आणि त्या थांबल्या. गिटार त्यांच्या सुईबरोबरच चालली होती की!

मग वही भरायला लागली.

‘पहिलं : साधा धावदोरा. घाई नाही. मधेच दोरा संपतो, तो नवा ओवतो.

चौथं : घट्ट कोट उसवतोय. एकेक टाका सुटत जातो, शेवटी छाती मोकळी.

पाचवं : तिसऱ्या मिनिटाला बटण तुटतं. फरशीवर उडतं, घरंगळत कपाटाखाली जातं.’

‘‘आई, ही गाणी आहेत की गिऱ्हाइकांचे कपडे?’’

‘‘माप दोन्हींना लागतं. चहा टाक.’’

नऊच्या नऊ लिहून ताईंनी पानाचा फोटो ग्रुपवर पाठवला. आधी भरपूर खिदळणं झालं. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘पाचवं परत ऐकलं. बटण खरंच पडतं हो!’’ ड्रायव्हर मात्र हटले नाहीत. ‘‘मला अजून नाहीच आवडलं. पण चौथ्यात तो कोट उसवला, तेव्हा जरा बरं वाटलं.’’

काकांकडून मात्र काही नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. ताईंनी एका शर्टाला काज चुकीच्या बाजूला पाडलं, आणि खापर चष्म्यावर फोडलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकांचा निरोप आला.

‘ताई, धावदोरा म्हणजे काय ते बायकोला विचारलं. तिने माझ्याच रुमालावर घालून दाखवला. मग स्पीकर मांडीवर घेतला, दोन्ही तळवे टेकवले, तुमचा कागद समोर. सगळं हाताला लागलं. फक्त पाचव्यात तुमची चूक आहे. बटणं दोन तुटतात.’

ताईंना आधी रागच आला. कान आपले, आणि चूक हे काढणार! त्यांनी इयरफोन घातले, डोळे मिटले. तिसरं मिनिट. बारीक तारेवर बटण उडालं, घरंगळलं. त्याच्यामागे, अगदी खालच्या सुरात, जाड तारेवर आणखी एक. जड, कोटाचं असावं तसं. पडलं आणि जागच्या जागी राहिलं. पहिल्याच्या मागे कपाटाखाली शिरण्याच्या नादात ताईंनी ते ऐकलंच नव्हतं.

त्यांनी तेच गाणं आणखी चार वेळा ऐकलं. पँटवाला दारात उभा होता, तो तसाच उभा राहिला.

मग वहीत ‘दुसरं बटण, जाड’ अशी भर घातली, कंसात ‘प्रेसकाकांच्या हाताने’ असं लिहिलं आणि तो कागद ग्रुपवर नव्याने पाठवला.

काकांसाठी ताईंना वेगळं उत्तर लिहायचं होतं. बरंच काही सुचलं, टाइप केलं, पुसलं. शेवटी बावीस वर्षांत जो शब्द फक्त त्यांच्याकडून यायचा, तोच ताईंनी त्यांना धाडला.

‘पोचलं.’