सर्जाचा शार्प फोटो

हौशीरामअण्णांच्या भिंतीवर सर्जा बैलाचे सात फोटो होते आणि सातांपैकी एकातही सर्जा धड दिसत नव्हता. पहिल्या फोटोत कुणा पावण्याचा फेटा इतका स्वच्छ, की त्याची टाचणी दिसावी, आणि फेट्यामागून पांढरा धूर चाललेला. तो धूर म्हणजे सर्जा! दुसऱ्यात कुंपणाचा बांबू झकास, तिसऱ्यात रसाचं गुऱ्हाळ. मंचरचा स्टुडिओवाला पारस दर यात्रेला हौसेनं यायचा आणि दरवर्षी तेच म्हणायचा, "अण्णा, बैल लई पळतो हो."

"मग काय शर्यतीत बसून ऱ्हावं का त्यानं?" अण्णा खेकसायचे.

२००८ सालची अवसरीची यात्रा सर्जाची शेवटची. त्यानंतर त्याला गाड्याला जुंपायचं नाही, चिंचेखाली बांधून नुसतं लाडानं सांभाळायचं, असं ठरलेलं. तेव्हा अण्णांनी पुण्याला लेकीला फोन लावला. "तेजे, तू कॅमेऱ्यातच काम करती न्हवं? मग बापाला एक फोटो दे. एकच. पर त्यात बैल दिसला पायजे."

तेजस्विनी डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर काम करायची, म्हणजे भिंगातून आलेलं चित्र टिपणाऱ्या चिपवर. त्यातही तिच्याकडे नेमका फोकस. बापाचा फोन आला तेव्हा तिनं आधी नाहीच म्हणायचं ठरवलं. घरच्या माणसापुढं फजिती झाली तर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं ना! तरी साहेबांच्या परवानगीनं ती नमुन्याचा कॅमेरा आणि लॅपटॉप घेऊन शनिवारी सकाळी हजर झाली.

अण्णांनी अंगणातून सर्जाला चालवला. कॅमेरा घूं करून पुढं गेला, घूं करून मागं आला, पुन्हा पुढं. शेवटी एकदाचा टिक वाजला तेव्हा सर्जा गोठ्यात पोचून कडबा खात होता. फोटो आला कोंबड्यांच्या डालग्याचा.

"ह्ये तर आपल्या अँटिनावानी झालं!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "मी वर पत्र्यावर, तू खाली टीव्हीपुढं. आलं का? थोडं आलं! आता? गेलं, गेलं, मागं फिरवा!"

तेजस्विनीला हसू आवरेना, कारण बाप अगदी बरोबर बोलला होता. "अण्णा, जुने कॅमेरे अस्संच करतात. चित्र बिघडेपर्यंत पुढं जायचं, मग मागं यायचं. पण आम्ही यात बारीक ठिपक्यांच्या जोड्या घातल्यात. एक ठिपका डावीकडचा उजेड बघतो, दुसरा उजवीकडचा. दोघांचं जुळलं की फोकस बरोबर. नाही जुळलं, तर किती सरकलंय त्यावरून कळतं, भिंग पुढं न्यायचं का मागं, अन् किती."

"म्हंजे बैलजोडीच की गं! जू तिरकं झालं की कळतंच, कोण मागं राह्यला अन् किती. मग एवढं कळून सवरून ही बया घूं घूं का करती?"

ती घूं घूं कॅमेऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये तेजस्विनीनं स्वतःच लिहिली होती. जोडीनं उत्तर दिलं, तरी भिंग पुढंमागं फिरवून एकदा तपासायचं. "खात्री करून घेते ती," ती पुटपुटली.

"अगं, शर्यतीची एक बारी बारा सेकंदांची! जू तिरकं झालं की कासरा वढायचा. का बैलाला इचारत बसायचं, बाबा रं, तू खरंच मागं राह्यलास का?"

"बैलाचं पुरे आता," उंबऱ्यातून आई, प्रयागबाई, कडाडल्या. "डाक्टरनी गुडघ्याचं काय सांगितलंय ते सांगा लेकीला. ऑपरेशनला तीन म्हैनं न्हाई झालं. उद्या मांडवात खुर्चीवर बसायचं. उठायचं न्हाई."

"न्हाई उठत. शब्द दिलाय न्हवं?" अण्णा गरीब चेहऱ्यानं म्हणाले.

तेजस्विनीनं ओसरीवर लॅपटॉप उघडला आणि तपासणीच्या अकरा ओळी काढून टाकल्या. मग पळत्या कोंबडीवर कॅमेरा धरला. टिक. कोंबडीचा डोळा लखलखीत! शेळी, टिक. ओरडणारी आई, टिक. तेजस्विनी अंगणात नाचायला लागली. पोरगी कामातून गेली, असं समजून शेजारची साळुबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली, तर तिचाही काढला.

रविवारी ती घाटाच्या, म्हणजे गाडे पळतात त्या चढाच्या, वरच्या टोकाला, निशाणापलीकडं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढली. खाली झुंबड, भंडाऱ्याचे पिवळे लोट, कर्ण्यावरचा गडी बेंबीच्या देठापासून ओरडतोय. गाडा सुटला. सर्जा शेपटी वर करून उधळत निघाला आणि तेजस्विनीला रडूच यायला लागलं. बारा सेकंद, अन् मग कायमचं संपलं. एकदा तरी नीट दिस रे बाबा, असं म्हणत तिनं बटण दाबलं. टिक, टिक, टिक.

घरी आल्या आल्या लॅपटॉपभोवती सगळे जमले. चित्र उघडलं. सर्जा! फुललेल्या नाकपुड्या, तोंडाचा फेस, पापण्यांवर बसलेला भंडारासुद्धा. अण्णांनी पडद्यावरच हात ठेवला आणि टोपीनं डोळे पुसले. "दिसला गं माझा राजा," ते म्हणाले.

मग प्रयागबाई पुढं वाकल्या. "अन् ह्यो शिंगापाशी कोण?"

सर्जाच्या शेजारी, कुंपणावरून उडी टाकलेले, दोन्ही पाय हवेत, टोपी हातात, तोंड उघडं, असे अण्णा होते. धोतर वर गेलेलं. गुडघ्यावरच्या टाक्यांच्या खुणा मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ.

अण्णांनी टोपी घाईघाईनं डोळ्यांवर ओढली.

"पारसचाच कॅमेरा बरा व्हता," अण्णा हळूच म्हणाले.

प्रयागबाईंनी कमरेवर हात ठेवले. आता घर डोक्यावर घेणार, म्हणून तेजस्विनी मध्ये पडायला उठली. पण त्या फोटोकडं बघतच राहिल्या. फोटोतला म्हातारा हवेत तरंगत होता आणि दातपडक्या तोंडानं असा हसत होता, की जणू आत्ताच विशी लागलीय.

"आपल्या लग्नात बी एवढं हसला नव्हता तुमी," त्या म्हणाल्या. मग पदर तोंडाला लावून स्वतःच हसायला लागल्या. "तेजे, मोठा करून आण गं ह्यो. बैल अर्धा कापला गेला तरी चालंल."