बसवाल्या काकूंचे आभार

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा, की मनात वाक्य अगदी तयार आहे, पण ओठांशी येऊन ते हटून बसलंय. ढकललं तरी सरकत नाही. एका मुलीचं रोज असंच व्हायचं. तिला सगळे छोटी म्हणत.

तिच्या शाळेची बस एक काकू चालवत. घरी जाताना बसमध्ये चढलं, की आपण कुठे उतरणार ते ज्याने त्याने सांगायचं, असा त्यांचा नियम. पहिल्याच दिवशी छोटी अडखळली, तेव्हा मागच्या मुलाने तिच्या वतीने सांगून टाकलं.

"तुला विचारलं का रे, शहाण्या?" म्हणत छोटीचं वाक्य पूर्ण होईपर्यंत काकू थांबून राहिल्या. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले, पण काकू ढिम्म.

आता काकू निवृत्त होणार होत्या. सगळ्या मुलांतर्फे आभार मीच मानणार, असा हट्ट छोटीनेच धरला, आणि मग तिला वाटलं, सगळ्यांसमोर अडकले तर? दादाने तोडगा काढला. गाताना छोटी कधीच अडखळत नसे, म्हणून तिची गाणी त्याने फोनमधल्या एआयला ऐकवली. त्या एआयने तिच्याच आवाजात छानसं भाषण करून दिलं. कुठे खळ नाही की खंड नाही.

शेवटच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी बस उभी असताना छोटीने फोन उंच धरला. भाषण झालं, टाळ्या पडल्या. काकूंनी मान डोलावली.

"गुणाचा आहे हो तुझा फोन. त्यालाही माझे आभार सांग. पण ह्याला मी कधी बसमध्ये घेतल्याचं आठवत नाही. तुझं काय म्हणणं आहे, बाई?"

"वे… वेळ लागेल," छोटी कशीबशी म्हणाली.

"लागू दे की. उद्यापासून मला कामच काय आहे?"

मुलं हसली. छोटीलाही हसू फुटलं. तिने फोन दप्तरात टाकला आणि सुरुवात केली. पहिल्याच शब्दाने तिला चांगलंच दमवलं. पण कुणी तो तिच्या तोंडून काढून घेतला नाही. तो शहाणासुद्धा ओठ दाबून बसला होता.

"काकू, तु… तुम्ही थांबायचात, म्हणून मला बो… बोलावंसं वाटायचं."

काकूंचे डोळे भरून आले. त्या काही बोलणार, एवढ्यात छोटीने हात वर करून त्यांना थोपवलं. तिचं अजून संपलं नव्हतं. तिने श्वास घेतला आणि ती दुसऱ्या वाक्याला लागली.