पाण्यातली बंगई

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. धरणकाठी मला सगळे डोंग्याचं सुकाणू म्हणून ओळखतात. पण जन्माने मी बंगई, म्हणजे घरातला झोपाळा. विमलबाईंच्या घरात कड्यांना टांगलेली असायचे. माझ्यावर बसून त्या शेंगा फोडायच्या, लेकराला निजवायच्या, आणि त्यांच्यासोबत मलाही डुलकी लागायची. काय सुख होतं ते!

पुढे धरण झालं, घर पाण्याखाली गेलं. विमलबाईंचे मालक उकंडराव यांनी मला तेवढं सोडवून आणलं, तासलं आणि आपल्या शिडाच्या डोंग्याला बसवलं. पलीकडच्या मळ्यातली वांगी, मेथी साखरखेर्ड्याच्या बाजारासाठी अलीकडे आणायची, नात प्रतीक्षाला शाळेसाठी काठावर सोडायचं. उकंडरावांनी दांडा जरासा दाबला की मी वळायचे आणि डोंगा गुमान माझं ऐकायचा. परतताना बुडालेल्या घरावर ते शीड सैल सोडत. विमलबाई पाण्यात हात घालून बसत. खालच्या हिरव्या अंधारात आपला ओटा दिसतोय, असं मला वाटत राहायचं.

गेल्या उन्हाळ्यात पाणी बरंच उतरलं होतं. तरी उकंडरावांनी सवयीने डोंगा तिकडेच नेला. खट्ट! ज्या भिंतीआड मी झुलले, तिच्यावरच आदळून निम्म्यापर्यंत चिरले.

"लोखंडी पट्टी मार बे निवृत्ती," उकंडराव सुताराला म्हणाले. "फळी बदलाची नाही."

"मारतो. पण भर वाऱ्यात टिकन का, ते सांगता येत नाही."

मार बाबा, मार! मी मनात म्हणत होते. नाहीतर चूल आहेच.

"पट्टी नको," विमलबाई म्हणाल्या. "नवीनच बसवा. मधातच तुटली तं? प्रतीक्षा बसते ना डोंग्यात!"

"अवं, तुई बंगई हाये ते!"

"मले माहीत नाही का?" त्यांनी माझ्या चिरेवर बोटं ठेवली.

मला फार लागलं. जिला इतकी वर्षं झुलवलं, तिनेच टाकावं? मी सरळ रुसले. नवं सुकाणू पाण्यात उतरलं आणि विमलबाई मला काखेत मारून घरी आल्या. चूल पेटलेली होती. मी डोळे मिटले. पण त्या चुलीपुढून तशाच पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवशी निवृत्तीने माझा चिरलेला भाग कापून काढला. जुन्या कड्यांची दोन भोकं शाबूत होती, दोन त्याने नवी पाडली. आता मी ओसरीत टांगलेली आहे. प्रतीक्षा माझ्यावर बसून पुस्तक वाचते, आणि तिच्या पायांखालून मला अजून पाणी वाहताना ऐकू येतं.

मित्रांनो, जिथे कुणाचा जीव आपल्या भरवशावर असतो, तिथे जुन्याचा हट्ट धरू नका. पण मोडलेल्या वस्तूला चुलीत घालण्याआधी, ती पूर्वी कोण होती, एवढं तरी आठवून बघा.

काल विमलबाई ओसरीत आल्या. "सरक वं जराशी," नातीला म्हणाल्या. मी आता निम्मीच उरले आहे, तरी दोघी मावल्या.