पाय धुण्याचा रविवार

"आधी आपलं कोपर पाण्यात बुडव, मग तिचा पाय. आणि वर तोंडाकडे बघू नकोस. तोंडाकडे बघितलंस की ती ओशाळते. पायाकडे बघ."

आईचं हे सांगणं आर्मिंटाला दर वर्षी याच क्षणी ऐकू येई. आईला जाऊन दोन हिवाळे झाले होते. कमरेला बांधलेला पंचा आईचाच होता, धुऊन धुऊन मऊ झालेला. आर्मिंटाने गुडघे टेकले, इनॅमलच्या तसराळ्यातल्या पाण्यात कोपर घालून पाहिलं आणि बाकावर बसलेल्या शेजारच्या ओर्लीनामावशीचा उजवा पाय दोन्ही हातांनी अलगद उचलला.

चर्चमध्ये डाव्या अंगाला बायका, उजव्या अंगाला पुरुष. मधोमध उभे असलेले मंडळीतले वडीलधारे एकेक ओळ भरभर सांगायचे आणि मग सगळे ती ओळ ओढून, घोळवून गायचे. पेटी नाही, वाद्य नाही. केंटकीच्या त्या डोंगरांत असंच गातात. येशूने शिष्यांचे धुतले तसे बायका एकमेकींचे पाय धुवत होत्या, पुसत होत्या, गळ्यात पडून रडत होत्या.

बोटांमध्ये पावडरीचा थर होता. पाणी लागताच त्याचा चिखल झाला आणि आर्मिंटाच्या अंगठ्याखालून वाहून गेला. खाली लालबुंद, सोललेली कातडी होती. शेवटच्या दोन बोटांच्या मधे काळं पडलं होतं.

"मावशी, हे काय झालं?"

"कुठे काय?" ओर्लीनामावशी गाणं न थांबवता म्हणाली.

"दुखत नाही?"

"पायाचं मला कळतच नाही गं आताशा. साखरेनं सगळं बधिर करून टाकलंय." मग जरा वाकून, कुजबुजत, "काल घासून घासून धुतले. कढत पाणी, ब्रश आणि तो जाळणारा साबण. तुझ्या हातात मळके पाय द्यायचे होय? तुझ्या आईनं वरून पाहिलं असतं तर काय म्हणाली असती!"

हे तिथल्या साऱ्याच बायका करीत. पाय धुण्याच्या रविवारी कुणाचाच पाय मळका नसे. आदल्या दिवशी घरोघर पाणी तापे, टाचा खरवडल्या जात, नवे मोजे निघत. जिच्या पायाला काही कळतच नव्हतं त्या बाईने ते पाणी किती कढत घेतलं असेल, हे मात्र कुणाच्या ध्यानात येण्यासारखं नव्हतं.

पाऊल गार लागत होतं. आर्मिंटाने पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवली. इथे नाडी असते, हे तिला ठाऊक होतं. नर्सिंग ऑनलाइन शिकवणाऱ्या कॉलेजने नमुन्यादाखल एक धडा पाठवला होता, त्यात पडद्यावर पाऊल होतं. नेमक्या जागी टिचकी मारली की 'नाडी लागते' अशी हिरवी अक्षरं उमटत. तिला पहिल्याच फेरीत सगळी हिरवी अक्षरं मिळाली होती.

इथे काही लागेना. तिने जोर दिला. मग काहीतरी ठोकल्यासारखं वाटलं. पण ते मावशीच्या पायात होतं, की तिच्या स्वतःच्याच बोटाच्या टोकात?

"मावशी, उद्या डॉक्टरकडे जा."

"जाईन की. पुढच्या आठवड्यात बोलावलंच आहे त्यानं. आता पूस बाई, गार होतंय."

आर्मिंटाने पाय पुसला. पंचा सोडून मावशीच्या कमरेला बांधला. मग मावशी गुडघ्यांवर बसली आणि तिने आर्मिंटाचे पाय धुतले. मावशीच्या हातांना अजून चांगला जोर होता. आर्मिंटा रडली, पण ते दर वर्षीचं रडणं नव्हतं. आपल्याला कळत नाही, एवढंच तिला कळत होतं.

*

"मग? काय ठरलं?" संध्याकाळी बाबांनी विचारलं. एल्झी त्यांचं नाव. उभं आयुष्य कोळशाच्या खाणीत गेलेलं. आता त्याच कोळशाची धूळ छातीत घेऊन बसलेले. नाकात प्राणवायूची नळी, पुढ्यात चर्चच्या पंगतीतून आलेली मक्याची भाकरी आणि घेवडा.

"ठरलंय. ऑनलाइन घेते. घरीच बसून धडे, प्रात्यक्षिकाला मधूनमधून जायचं."

"आणि ते डोंगरापलीकडचं कॉलेज? तिथे जागा दिलीय ना तुला?"

"ते रोजचं आहे बाबा. दिवसभराचं."

"मग?"

"मग तुमच्याजवळ कोण?"

रविवार सोडून रोज संध्याकाळी ती वृद्धांच्या शुश्रूषागृहात मदतनीस म्हणून पाळी करी. तोवर शेजारी राहणारा भाऊ कामावरून आलेला असे. प्रश्न दिवसाचा होता. खोऱ्यात वीज जरा वारा सुटला की जायची. वीज गेली की प्राणवायूचं यंत्र बंद, आणि मग सिलिंडरची चावी फिरवून नळी त्याला जोडायची. गेल्या हिवाळ्यात आर्मिंटा दुकानातून परतली तेव्हा बाबा सिलिंडरला मिठी मारून जमिनीवर बसले होते. चावी अर्धी फिरलेली, ओठ निळे. आईने जाता जाता एकच मागितलं होतं, 'यांना एकटं ठेवू नकोस.' आर्मिंटाने हो म्हटलं होतं.

"मला राखणदार नको," एल्झी म्हणाले.

"नकोच. मी तुमची लेक आहे, राखणदार नाही. खा."

*

दुसऱ्या दिवशी पाळीवर गेल्या गेल्या तिने हॉल्ब्रुकबाईंना गाठलं. त्या तिथल्या मुख्य नर्स; बोलणं तुटक, हात मऊ. आर्मिंटा सांगू लागली. कढत पाणी, साबण, काळं पडलेलं, आणि नाडी लागते की नाही तेच समजत नाही...

"काळं दिसलं ना डोळ्यांनी?"

"दिसलं."

"मग नाडीचं काय धरून बसलीस! गाडीत घाल तिला आणि हॉस्पिटलात ने. आत्ता. तुझी पाळी मी बघते."

ओर्लीनामावशी आधी भांडली. चुलीवर मुरंबा आहे म्हणाली. आर्मिंटाने मुरंबा उतरवला, मावशीच्या खांद्यावर शाल टाकली आणि तिला गाडीत बसवलं. वाटेत एका वळणावर मावशी म्हणाली, "साबण फार होता का गं?"

"थोडा जास्त होता, मावशी."

दोन बोटं कापावी लागली. पाऊल वाचलं. एक दिवस आधी आणलं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आर्मिंटाने विचारलं नाही.

ती हॉस्पिटलात भेटायला गेली तेव्हा मावशी उशीला टेकून बसली होती. "ये. आता मोज्यांना दोन बोटांचा आराम," ती म्हणाली, आणि तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. आर्मिंटाने तिचा हात धरून मनातल्या मनात रोजची प्रार्थना म्हटली.

तेवढ्यात तिथली नर्स आली. पिकल्या केसांची, चष्मा गळ्यात. तिने मावशीचा चांगला पाय उघडा केला आणि वर बोटं ठेवली. आर्मिंटा निरखून बघत होती, हे तिच्या लक्षात आलं.

"शिकतेयस?"

"शिकणार आहे. पण मला नाडी लागतच नाही. आपलीच ठोकते बोटात."

"दाबत असशील. इकडे ये." तिने आर्मिंटाचा हात धरला, दोन बोटं सरळ केली आणि मावशीच्या पावलावर टेकवली. वर स्वतःची बोटं ठेवली, पिसासारखी हलकी. "दाबू नकोस. नुसतं ठेव. शोधू नकोस, येऊ दे तिला. थोडी अंगठ्याकडे सरक... हं. आता थांब."

आर्मिंटा थांबली. आधी काहीच नव्हतं. मग अगदी आतून, मासा पाण्याखालून अंगाला घासून जावा तसं काहीतरी आलं. गेलं. पुन्हा आलं.

"आली!"

"मीच आहे ती," ओर्लीनामावशी म्हणाली. "कोण येणार दुसरं?"

नर्स हसली आणि पुढच्या खाटेकडे गेली. आर्मिंटाची बोटं तिथेच होती.

*

"पदवी तीच, सरकारी परीक्षा तीच," आर्मिंटाने पुन्हा रोजच्या कॉलेजचा विषय काढला तेव्हा टॅबिथा म्हणाली. ती पाळीवरची सोबतीण. घरात लहान तीन पोरं, आणि ऑनलाइनचं पहिलं वर्ष नुकतंच पार केलेलं. "रोगी काय विचारणार आहे, बाई, तू कुठे बसून शिकलीस? मी तर पोराला मांडीवर घेऊन हाडांची नावं पाठ केली."

"तू केलंस ते बरोबरच केलंस."

"मग तू का डोंगर चढायला निघालीस?"

"नावं मलाही येतील गं पाठ. हाताचं सांगतेय मी. माझा हात चुकला तर तो धरायला कुणीतरी शेजारी हवं. रोज. एखाद्या दिवशी नाही."

"आणि तुझे बाबा?"

आर्मिंटाने चादरीचा कोपरा गादीखाली खोचला. डोंगरापलीकडच्या कॉलेजला त्याच आठवड्यात हो किंवा नाही कळवायचं होतं. तिने सकाळची प्रार्थना एरवीपेक्षा लांबवली, दुपारचा उपास धरला, आणि तरी मन दोन्हीकडे ओढ घेतच राहिलं. आईला दिलेला शब्द मोडून ती नर्स होणार नव्हती. आणि कळत नसलेला हात घेऊनही होणार नव्हती.

*

मावशी घरी आल्यावर आर्मिंटा रोज सकाळी जखमेची पट्टी बदलायला जाऊ लागली. मावशीचं घर ओढ्यापलीकडे, साकव ओलांडला की लगेच. त्या दिवशी मावशी घेवड्याच्या शेंगा सुईदोऱ्यात ओवत बसली होती, हिवाळ्यासाठी वाळवायला.

"ऐकलं, तू संगणकावर नर्स होणार."

"कोण म्हणालं?"

"तुझा बाप. ओट्यावरून ओरडून सांगितलं त्यानं. त्याचा श्वास पुरत नाही, पण चहाडीला पुरतो." मावशीने सुई खाली ठेवली. "खरं का?"

"बाबांजवळ कोण असेल दिवसा?"

"मी."

"तुम्हाला अजून धड चालता..."

"बसायला बोटं कशाला लागतात?"

आर्मिंटा पट्टी गुंडाळत राहिली.

"इकडे बघ. तू माझा पाय धुतलास ना?"

"तुम्हीही माझा धुतलात मावशी. फिटलं."

"असं फिटतं होय? येशूनं पाय धुतले आणि म्हणाला, झालं, आता आपापल्या घरी जा? मी रोज येणार. सकाळी तुझी गाडी निघायच्या आत. तुझा भाऊ येईपर्यंत बसणार. शब्द."

"आणि वीज गेली तर?"

"ते शिकव मला."

दुपारी दोघी एल्झींच्या ओट्यावर होत्या. एल्झी खुर्चीत, नाराज. "ही दिवसभर मला बायबल वाचून दाखवेल."

"दाखवीन. कान तरी धड आहेत ना तुमचे?"

"तुमच्या नवऱ्याला मी घोड्याचे नाल फेकण्याच्या खेळात सात वेळा हरवलं होतं, त्याचा सूड आहे हा."

"खोटं. तुम्ही रेघेच्या पुढे पाय टाकायचात."

एल्झी हसले, मग बराच वेळ खोकत राहिले.

आर्मिंटाने सिलिंडर पुढे ओढला. मावशीने चावी आवळून धरली आणि एकदम फिरवली. हवा फुत्कारून बाहेर आली. तिने दचकून हात काढला.

"नाही जमायचं."

"जमेल." आर्मिंटा मागून वाकली, मावशीच्या हातावर आपला हात ठेवला. "जोर नको. नुसती धरा. आता हळू... अजून थोडी. काटा हलला बघा? बस, इथेच."

मावशीने पुन्हा केलं. पुन्हा. एल्झींनी नळी नाकाशी नेली, डोळे मिटून दोन श्वास घेतले आणि म्हणाले, "येतेय." थोड्या वेळाने, दुसरीकडेच बघत, ते लेकीला म्हणाले, "जा कळव त्यांना. नाहीतर जागा जायची."

आर्मिंटा आत गेली आणि तिने फोन उचलला.

*

ऑगस्टमध्ये, कॉलेजच्या पहिल्या दिवशी सकाळी, खोऱ्यात धुकं होतं. आर्मिंटाने बाबांपुढे कॉफी ठेवली, यंत्राचा काटा पाहिला, सिलिंडर खुर्चीच्या उजव्या हाताला सरकवला.

"गाडी हळू चालव. वळणावर कोळशाचे ट्रक असतात."

"हो."

"मिंटी." हे नाव ते क्वचितच घेत. "तुझी आई असती तर..." श्वास पुरला नाही. त्यांनी हातानेच 'जा' म्हटलं.

ती ओट्याच्या पायऱ्या उतरली. मावशी अजून आली नव्हती. गाडी सुरू करून तिने काच पुसली आणि वाट पाहिली. मावशीने दिलेल्या शब्दावर निघायचं होतं, आईला दिलेल्या शब्दावर थांबायचं.

मग धुक्यात साकवाचा कठडा हलल्यासारखा दिसला. ओर्लीनामावशी येत होती. एका हातात काठी, कोपराला टोपली, टोपलीत शेंगा आणि सुईदोरा. उजव्या बुटाचा पुढचा भाग तिने कात्रीने कापून काढला होता, आणि त्यातून पांढरी पट्टी दिसत होती. आर्मिंटाने हात हलवला. ओर्लीनामावशीने वर बघितलं नाही. पायाकडे बघत, एकेक फळी काठीने चाचपत, ती साकव ओलांडत होती.