मास्तर कुणी निवडायचा

शिवकन्येचं हे वागणं कडूबाईंना बिलकूल पसंत नव्हतं. विचारलं तर बोलायचं नाही, न विचारलं तर भिंतीकडं तोंड करून बसायचं. एमएस्सी झालेली नात. जर्मनीच्या आणि अमेरिकेच्या, दोन्हीकडच्या विद्यापीठांनी पीएचडीला बोलावलेलं. दुसऱ्या कुणाची पोरगी गावभर मिरवली असती. आणि ही? अंगणातल्या चुलीवर कुरडयांचा चीक रटरटत होता, तो हलवायचा सोडून मोबाइलात डोळे घालून बसली होती.

"हलव की गं! गुठळ्या झाल्या म्हंजी कोण खाणार, तुजा जर्मनीचा मास्तर?"

अमेरिकेला हो की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. कडूबाईंनी आपला निकाल कधीच दिला होता: जर्मनी. तिथं पीएचडी म्हणजे नोकरीच. विषय ठरलेला, मास्तर ठरलेला, पगार चालू, आणि तीन-चार वर्षांत पोरगी माघारी. अमेरिकेत पाच-सहा वर्षं लागणार. एवढी वर्षं आपल्या हातात आहेत का, हा हिशेब कडूबाई कुणाला बोलून दाखवत नव्हत्या. येरमाळ्याच्या यात्रेत मात्र अख्ख्या भावकीसमोर "नात जर्मनीला चालली" म्हणून ठणकावून आल्या होत्या. आणि कडूबाईंचा शब्द फिरल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

त्यांचा लेक इंद्रजित बाहेरून आला तो थेट पोरीपुढंच उभा राहिला.

"अमेरिकेला न्हाय म्हणून कळवलं का?"

तिनं मोबाइलचा पडदा बंद केला.

"आण इकडं मोबाइल. म्या कळवतो."

बापाचा हात पुढं आला तशी ती मागं सरली आणि मोबाइल पाठीमागं धरला. कडूबाई चमकल्या. ही पोरगी जन्मात बापाच्या आडवी गेली नव्हती.

"काय लपवतीस? बोल! का दातखीळ बसली?"

"आज्जी, मला अमेरिकेला जायचंय."

"येडी का खुळी?" इंद्रजित म्हणाला. "जर्मनीत सगळं ठरलेलं हाय."

"तेच तर!" तिचा आवाज फाटला. "एमएस्सीचे सरही ठरलेलेच होते. वर्षभर हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी मी तपासल्या, आणि शोधनिबंध छापून आला त्यांच्या भाच्याच्या नावानं. बोलले असते तर मार्क गेले असते. जर्मनीचे सर चांगले असतीलही. पण मी त्यांना फक्त मोबाइलवर बघितलंय. एकदा सही केली की सगळी वर्षं त्यांच्याच हाताखाली."

"आन अमेरिकेत?" कडूबाईंनी विचारलं.

"तिथं पहिल्या वर्षी वर्ग असतात, आणि दोन-तीन प्रयोगशाळांत थोडं थोडं काम करून बघायचं. माणसं कशी आहेत ते कळतं. मग गाइड निवडायचा. त्यांनाही आपण पटावं लागतं, पण आपल्याला आधी बघायला मिळतं."

"बाजारात मालक बैलाला जुंपून बघतो," कडूबाई सावकाश म्हणाल्या. "बैलाला मालक पारखू देणारा मुलूख म्या आजच ऐकला."

"माय, तू भावकीत शब्द दिलायस," इंद्रजित म्हणाला. "लोक म्हणतील, कडूबाई फिरली."

घाव बरोबर वर्मी बसला. चीक बुडाला लागल्याचा वास आला, तरी कुणी हललं नाही. वर्षभर पोर लुटली जात होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. सांगणार तरी कुणाला होती? उठता-बसता आवाज चढवणाऱ्या आजीला?

कडूबाईंनी लेकाचा हात बाजूला सारला आणि नातीच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"ऐक. एवढी शिकलीस आन तोंड उघडायला आजचा दिवस उजाडावा लागला, ही चूक तुजी. थोडी माजी असंल, तिचं म्या बघून घेईन. जा अमेरिकेला. कडूबाई फिरली म्हणून भावकीला म्याच सांगते, बघू कोण हसतंय ते! पण तिथं गोड बोलणाऱ्या मास्तराकडं राहू नगंस. ज्याच्या हाताखालची पोरं त्याच्या तोंडावर 'न्हाय' म्हणत्यात, त्याच्याकडंच राहा."