पाहुण्यांची ऊब

त्या घरात थंडी होती, पण ती घरच्या माणसांपुरती. बाहेरच्या माणसाला तिचा पत्ता लागू द्यायचा नाही, हा सासूबाईंचा दंडक होता, आणि त्यांच्या घरात सरकारी कायद्यांपेक्षा दंडक जास्त पाळले जात.

सून धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची. दिवसभर वाफेत उभं राहायचं आणि घरी आल्यावर स्वेटरवर स्वेटर चढवायचा. "मला ऋतू दोनच," ती म्हणे, "एक दुकान आणि एक घर." तिचा नवरा लांबच्या गाडीवर ड्रायव्हर होता. तो घरी झोपण्यापुरता यायचा, त्यामुळे त्याचं मत कोणी विचारत नसे आणि त्याचीही तक्रार नसे.

आतल्या खोलीत सासरे असत. जन्मभर सुतारकाम केलं, घरोघरी कपाटं बसली आणि भुसा यांच्या छातीत बसला. आता पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत असे. डॉक्टरांनी ते बंद करू नका म्हणून बजावलं होतं. डॉक्टर वीज बिलाबद्दल काही बोलले नव्हते, कारण तो त्यांचा विषय नव्हता. विजेचे दर तर असे वाढत होते, की स्वयंपाकघरातला दिवा सासूबाईंनी काढूनच ठेवला होता. खिडकीतल्या उजेडात भाजी दिसते, जास्त बघायचंय काय, असं त्यांचं म्हणणं.

बाहेरची खोली मात्र वेगळी. तिथे सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी केलेला कोच होता, दोन दिवे होते आणि हीटर होता. हे सगळं पाहुण्यांसाठी. दारावर थाप पडली, की सासूबाई आतून "आले हं, एक मिनिट," म्हणत आणि त्या मिनिटात हीटर, दिवे, सगळं लागे. अडचण एवढीच, की हीटर आणि यंत्र एकदम चालवलं तर फ्यूज उडायचा. म्हणून पाहुणा बसेपर्यंत यंत्र बंद. सासरे तेवढा वेळ बेताने श्वास घेत. चांगले पाहुणे लवकर उठत. प्रेमळ पाहुणे बसत.

हे एकाच घराचं खूळ नव्हतं. गल्लीतलं प्रत्येक घर असंच होतं. समोरच्या शिवणवालीचं तान्हं बाळ दिवसभर खोकायचं, पण कोणी गेलं की तिची खोलीही लख्ख आणि उबदार असायची. सगळ्यांना सगळ्यांचं माहीत होतं, आणि माहीत नसल्यासारखं वागायला सगळे तयार होते. यालाच शेजारधर्म म्हणत.

अखेर सरकारलाही थंडीची बातमी लागली. गरजू कुटुंबांना वीज सवलतीत, आणि घरात यंत्रावर असलेला रुग्ण असेल तर यंत्राची वीज फुकट. कोपऱ्यावर योजनेचा भला मोठा फलक लागला. त्यावरचे दिवे भरदुपारीही चालू असत. सुनेने अर्ज केला. तपासनीस येईल, तोही दिवस आधी कळवून, असं उत्तर आलं.

ते कळवणंच नडलं. सासूबाईंनी सकाळपासून घर पुसलं. सून म्हणाली, "आई, हीटर राहू द्या. तो थंडीच बघायला येतोय." सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने पाहुण्याला दारात उभं ठेवायला सांगितलं होतं. "सरकारी असला तरी माणूसच आहे ना तो. आपल्या घरी कुडकुडत बसेल?" मग त्यांनी आत जाऊन यंत्राचं बटण बंद केलं.

तपासनीस सभ्य गृहस्थ होता. आत आला, कोट काढला, हात चोळायची गरज न पडल्याने ते मांडीवर ठेवले.

"छान उबदार आहे घर," तो म्हणाला.

"असंच असतं आमच्याकडे," सासूबाई म्हणाल्या. अर्ज तिथेच निकालात निघाला होता, पण त्यांना ते कौतुक वाटलं.

घरात कोणी आजारी आहे का, हा पुढचा प्रश्न. सासरे कोचावर ताठ बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. "म्हातारपण सोडलं तर काही नाही," ते म्हणाले आणि हसले. हसू अर्ध्यावर असताना दम पुरेनासा झाला, तेव्हा खिडकीतून काहीतरी पाहायचं निमित्त करून त्यांनी मान वळवली.

"बाबा, अहो, यंत्र..." सून म्हणाली.

"सूनबाई, चहा निवतोय," सासूबाई म्हणाल्या. चहा अजून गाळायचाही होता. सासऱ्यांनी सुनेकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत धाक नव्हता, विनवणी होती. धाक असता तर ती बोलली असती. ती चहा आणायला गेली.

तपासनीसाने लिहिलं : उजेड भरपूर, ऊब पुरेशी.

सुनेने त्याला जिन्यात गाठून सगळं सांगितलं. त्याने मान डोलावून ऐकलं. "मी जे पाहिलं ते लिहिलं. फेरतपासणी मागा ना. मी परत येईन."

"मग न कळवता या."

"छे हो," तो म्हणाला, "कोणाच्या घरी असं न सांगता जाणं बरं दिसतं का?"

तिने फेरतपासणी मागितली. दरम्यान योजनेचा अहवाल आला. त्या गल्लीत एकही गरजू कुटुंब आढळलं नाही, यावरून गरिबी हटल्याचं सिद्ध झालं आणि फलकावर तसं लिहून दोन दिवे वाढवण्यात आले.

थंडी वाढली, दर पुन्हा वाढले. सासरे आता कोणी जवळ नसलं की यंत्र आपणच बंद करत. "जरा कानांना शांत बरं वाटतं," म्हणत. एका दुपारी सून कामावरून आली तेव्हा घर फारच शांत होतं. सासूबाई स्वयंपाकघरात खिडकीपाशी तांदूळ निवडत होत्या. सासरे भिंतीकडे तोंड करून झोपले होते. यंत्राची वायर त्यांनी व्यवस्थित गुंडाळून, हत्यारं आवरावीत तशी उशाशी ठेवली होती.

त्यानंतर भेटायला माणसं येत राहिली. हीटर सकाळपासून चालू होता आणि आता फ्यूजचीही भीती नव्हती. इतकी ऊब त्या घरात कधी नव्हती.

मग फेरतपासणीचा दिवस कळला. त्या दिवशी सासूबाईंचा हात सवयीने बटणाकडे गेला. सून मध्ये उभी राहिली.

"आज नाही लावायचा?"

"नाही, आई."

"मग मी आत बसते," सासूबाई म्हणाल्या आणि रिकाम्या पलंगावर जाऊन बसल्या.

तपासनीसाने या वेळी कोट काढला नाही. "आता मात्र खोली नियमात बसते," तो म्हणाला. बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघाली. "तेवढा यंत्रावरचा रुग्ण दाखवा."

सुनेने यंत्र दाखवलं. त्यावर सासूबाईंनी भरतकामाचं कापड घातलं होतं. तपासनीसाने कागदावरची रुग्णाची ओळ खोडली, शक्य तितक्या हळुवारपणे.

सून त्याच्या बाहीला धरून त्याला दाराबाहेर घेऊन गेली. "आता समोर चला. तिथे तान्हं बाळ आहे. आणि या वेळी कोणाला कळवलेलं नाही."

त्याने ओशाळून इकडेतिकडे पाहिलं, पण आला. समोरच्या बंद दारामागून बाळाचा खोकला ऐकू येत होता. दाराखालच्या फटीत अंधार होता. सुनेने त्याला तो बोटाने दाखवला आणि थाप मारली.

"आले हं, एक मिनिट," शिवणवालीचा आवाज आला.

आत बटणं वाजली. दाराखालच्या फटीतून उजेड त्यांच्या पायांवर आला.

तपासनीसाने पेनाचं टोपण काढलं.